बरोबर तारीख

थंडीच्या शेवटी कोंबड्यांवर साथ आली. संध्याकाळी दाणे टिपणारी कोंबडी सकाळी पाय वर करून पडलेली दिसे. दहा दिवसांत गावातले उकिरडे मुके झाले. पहाटे आरवायला कोंबडा उरला नाही, तेव्हा माणसं उशिरा उठू लागली आणि एकमेकांना विचारू लागली, आज एवढं उजाडलं कसं?

साथ ओसरली तेव्हा अकरा घरांत मिळून साठ-एक कोंबड्या जगल्या होत्या. पूर्वी तेवढ्या एकेका घरात असत. त्या अकरा घरांतल्या बायकांनी मग आठवडाभर अंडं म्हणून कुणाच्या ताटात पडू दिलं नाही. भुशात, कापसात, जुन्या पायमोज्यांत घालून जपलं आणि ऊन तापायला लागलं त्या दिवसांत टोपल्यांतून उबवायला सुतारकाम करणाऱ्या नानांच्या दारात आणलं. प्रत्येकीची शिसपेन्सिलीची खूण वेगळी. कुणाची फुली, कुणाचं वर्तुळ. शिवणवालीने आपल्या चाळीस अंड्यांवर बारीक सुई काढली होती, नेढ्यात दोरा ओवलेली.

"एवढं काम कशाला मावशी, नुसती रेघ मारायची," नानांची सून म्हणाली.

"हात शिवशिवतो गं. आणि रेघ काय, कुणाचीही असते," शिवणवाली म्हणाली. तिच्या खुराड्यात आठ कोंबड्या उरल्या होत्या. चाळीस अंडी म्हणजे त्या आठ जणींची आठवडाभराची सगळी कमाई.

नानांच्या मागच्या खोलीत माणसाएवढं उंच लाकडी कपाट होतं. नानांनी स्वतः रंधा मारून केलेलं. दाराला काच, आत दिवे, तळाशी पाण्याची परात आणि एकावर एक चार ट्रे. दर तासाला मोटर सुरू होई आणि ट्रे कर्र करून एका बाजूला कलत. पुढच्या तासाला दुसऱ्या. बसलेली कोंबडी चोचीने अंडी फिरवते, तेच काम. फिरवली नाहीत तर आतला जीव कवचाला चिकटतो आणि तिथेच संपतो. अठरा दिवस फिरवायचं, मग तीन दिवस हलवायचं नाही, उष्णता थोडी उतरवायची, एकविसाव्या दिवशी पिल्लू चोच मारून बाहेर येतं.

हे सगळं करवून घेई तो जुना कॉम्प्युटर. कुठलंसं ऑफिस मोडलं तेव्हा नानांनी तो अकरा वर्षांपूर्वी आणला होता. ज्याने कपाटासाठी प्रोग्राम बसवून दिला तो माणूस एकदाच आला, बटणं कशी दाबायची ते दाखवलं आणि गेला, तो पुन्हा दिसला नाही. नानांनी ते पाढ्यासारखं पाठ केलं.

त्या कॉम्प्युटरला काल-आज कळत नसे. पोटातला सेल कधीच मेलेला. वीज जाऊन आली की तो आधी तारीख विचारी. दाखवताना त्या माणसाने पहिल्या महिन्याची एक तारीख घातली होती, म्हणून नाना अंडी भरली की एक तारीख घालत. मग मध्ये वीज गेली की अंड्यांचा जो दिवस असेल तीच तारीख. पाचवा दिवस तर पाच, बारावा तर बारा. भिंतीवर खडूने रोज एक रेघ मारायची, रेघा मोजायच्या, आकडा घालायचा. बाहेर कुठलाही महिना असो, कपाटात कायम त्याच जुन्या सालचा पहिला महिना चाले. सून लग्न होऊन आली तेव्हा हे ऐकून खूप हसली होती. आता नऊ वर्षं तीच रेघा मारत होती. तिचा नवरा मालट्रक चालवी, महिन्यातून चार दिवस घरी. कपाट तिचं आणि नानांचं.

तीनशे चाळीस अंडी भरली. चार रेघा झाल्या. पाचवी मारली त्या दुपारी पत्रा इतका तापला की खोलीतला खडूसुद्धा गरम लागत होता. कॉम्प्युटरमधून आधी घरघर आली, मग वास आला आणि पडदा काळा झाला. नानांनी चार वेळा बटण दाबलं. पाचव्यांदा दाबायला त्यांचा हात पुढे होईना.

धाकटा दीर शहरात दुकानात होता. फोन गेल्यावर तो दोन तासांत मोटारसायकलवर मागे दुरुस्तीवाल्याला बसवून आला. दोघांच्या मध्ये नव्या कॉम्प्युटरचं खोकं.

"मी गेली दोन वर्षं सांगतोय," दीर दारातूनच बोलत आला. "मेल्या म्हशीला कुठवर पान्हवणार? आता बघा."

दुरुस्तीवाला कमी बोलणारा माणूस होता. त्याने नवी पेटी उघडली, जुन्या वायरींचा जाड प्लग हातात घेतला आणि पेटीच्या पाठीवर फिरवला. "ह्याला भोकच नाही ह्यात," तो म्हणाला.

नाना मटकन स्टुलावर बसले.

"आहे हो, घाबरू नका. वेगळी पट्टी बसवतो." त्याने पिशवीतून हिरवी पट्टी काढून आत बसवली, प्लग लावला, ठिपक्यांनी छापणारा जुना प्रिंटर लावला. जुन्या पेटीतली हार्डडिस्कची तबकडी सोडवली आणि तिच्यातून प्रोग्राम जसाच्या तसा नव्यात उचलला. उष्णता मोजणारी तार जुनी, मोटर जुनी, दिवे जुने, प्रोग्राम जुना. नवं फक्त डोकं. सून मधल्या वेळात उकळत्या पाण्याची भांडी आत-बाहेर करून कपाट ऊबदार ठेवत होती. तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते.

पडदा उजळला. तीच काळी पाटी, तीच हिरवी अक्षरं. नाना लहान पोरासारखे हसले.

"तारीख बघून घ्या," दुरुस्तीवाला म्हणाला. "आज सोळा ना? महिना, साल, सगळं बरोबर?"

"एकदम बरोबर," दीर म्हणाला.

"आणि आता वीज गेली तरी चुकणार नाही. ह्याची तारीख हा स्वतः ठेवतो."

सून भांडं हातात धरून थांबली. "पण भावजी, आमची तारीख आज पाच आहे—"

दीर मोठ्याने हसला. "ऐका! वहिनींच्या घरात पंचांगसुद्धा वेगळं. जगाची सोळा, ह्यांची पाच." दुरुस्तीवालाही गालात हसला. सुनेने नानांकडे पाहिलं. नाना पडद्यावरची ती खरीखुरी तारीख बघत होते. अकरा वर्षं आपण कॉम्प्युटरला खोटं सांगत आलो, हे शहाण्या माणसांपुढे उघडं पडलं म्हणून त्यांचे कान लाल झाले होते. "राहू दे सूनबाई," ते पुटपुटले. "हा शिकलेला आहे. ह्याला सांगावं लागत नसेल."

मग नानांनी पाठ केल्याप्रमाणे बटणं दाबली. एक ओळ आली, मोठं बटण. दुसरी ओळ, मोठं बटण. दिवे लागले. जिथे रोज दिवसाचा आकडा दिसे तिथे मात्र दोन चांदण्या आल्या होत्या.

"हे काय?" सुनेने विचारलं.

"स्टार!" दीर म्हणाला. "फौजदाराला असतात तसे. बढती झाली तुमच्या कपाटाला."

सगळे हसले. सूनही हसली. भांडं खाली ठेवताना तिचा पोळलेला हात चुरचुरला.

जाताना दीराने नव्या कॉम्प्युटरला ऊन सोसू नये म्हणून खोलीत मोठा पंखा लावला. तो चक्कीसारखा घरघरे, खोलीत दुसरं काही ऐकू येत नसे. नानांना तो म्हणाला, "चपला बाहेर काढून येत जा. आणि लाकडाचा भुसा अंगावर घेऊन आत नको. धुळीने जातात ह्या वस्तू." नानांनी मान डोलावली. त्या दिवसापासून ते उंबऱ्यापाशी येऊन उभे राहत आणि तिथूनच विचारत, "ठीक आहे ना गं?"

प्रिंटर तासातासाला कागदाची पट्टी काढी. दुसऱ्या दिवशी सुनेने पाहिलं, उष्णतेचा आकडा रोजच्यापेक्षा बारीकसा खाली होता. तिने दीराला फोन लावला.

"वहिनी, जुना चुकीचं मोजत होता. हा नीट मोजतोय. एवढं साधं आहे."

"तार तर तीच आहे."

"तार तीच असेल, पण मोजणारा नवा ना?"

तिला ते पटलं असंही नाही आणि न पटायला तिच्याकडे काही आधारही नव्हता. तिसऱ्या दिवशी नाना चपला काढून, हात पुसून आत आले आणि त्यांनी कपाटाच्या दाराला तळवा लावला. आजाऱ्याच्या कपाळाला लावावा तसा. "मला गार लागतंय," ते म्हणाले. मग पंख्याकडे पाहून म्हणाले, "वारा आहे म्हणून असेल." आणि गेले. सवयीने तिने सातवी रेघ मारली.

आठव्या दिवशी अंडी उजेडावर धरायची असतात. खिडकीला घोंगडी लावून खोली काळी करायची, डब्याच्या भोकातून दिव्याचा झोत आणि त्या भोकावर एकेक अंडं. आत जीव धरला असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात आणि मधोमध एक ठिपका, जो हलतो. सुनेला ह्या कामाची फार आवड. ती मनातल्या मनात त्या ठिपक्यांना 'या' म्हणे.

घोंगडी वाऱ्याने सुटत होती म्हणून तिने पंखा बंद केला.

सगळ्यात खालचा ट्रे शिवणवालीचा. सुनेने पहिलं अंडं धरलं. शिरा नव्हत्या. आत एक लाल कडं होतं, भांड्याच्या तळाचा डाग असतो तसं, आणि ठिपका एका बाजूला कवचाला लागलेला. तिने अंडं फिरवलं. ठिपका फिरला नाही. असतं एखादं खराब, म्हणून बाजूला ठेवलं. दुसरं धरलं. तेच. तिसरं. तेच. दहावं अंडं तिने मांडीवर ठेवलं आणि दोन्ही तळवे जमिनीवर टेकले.

तेव्हा तिला ऐकू आलं, की काहीच ऐकू येत नाहीये.

अंधारात बसून तिने वाट पाहिली. प्रिंटरने एक पट्टी काढली. म्हणजे तास झाला. ट्रे हलले नाहीत. दाराच्या काचेतून पाहिलं तर चारही ट्रे आडवे, सपाट, थाळ्या मांडल्यासारखे. त्यांवर धुळीचा बारीक थरसुद्धा बसला होता.

"नाना!" तिने हाक मारली. स्वतःचाच आवाज तिला ओळखू आला नाही.

नाना चपला घालूनच आत आले. तिने एक अंडं उजेडावर धरलं. त्यांनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी तिच्या हातातून ते काढून घेतलं, तळव्यात झाकलं आणि मुठीला ऊब देत उभे राहिले, जणू ते अजून थंड व्हायचं होतं.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"नवा आला तेव्हापासून. तीन."

आधी हाताने ट्रे कलवले. मग सुनेने दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करा आणि काय दिसतं ते मला वाचून दाखवा.

"इंग्रजी आहे दादा. मला अक्षरं लागतात, अर्थ नाही लागत."

"अक्षरं सांगा. अर्थ मी सांगतो."

पहिली ओळ तिने एकेक अक्षर सुटं करून सांगितली. "ती कंपनीची आहे. पुढे?" दुसरी ओळ सांगायला वेळ लागला. पलीकडे त्याने ती अक्षरं पुन्हा एकदा पुटपुटली.

"ताई, तो विचारतोय, अंडी कोणत्या तारखेला भरली."

"कोण?"

"प्रोग्राम. शेवटी जुनं उत्तर लिहिलंय. पहिला महिना, एक तारीख, अकरा वर्षांपूर्वीची. तुम्ही काही न लिहिता बटण दाबलं की तो तेच धरून चालतो. म्हणजे त्याच्या हिशोबाने तुमची अंडी अकरा वर्षांची झाली. दोन आकड्यांत मावेना म्हणून चांदण्या. आणि अठरा दिवस उलटून गेले म्हणून फिरवणं बंद, उष्णता कमी."

फोन मोठ्या आवाजावर होता. नानांनी सगळं ऐकलं.

"हे नव्यात आलं का?" त्यांनी फोनकडे तोंड करून विचारलं.

"नाही काका. प्रोग्राम तोच आहे. पहिल्यापासून विचारतोय."

नाना खाली बसले. स्टुलावर नाही, जमिनीवर, कपाटाला पाठ लावून. "दर खेपेला विचारत होता," ते म्हणाले. "अकरा वर्षं. आणि मी बटण दाबून पुढे जात होतो." सुनेने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. सासूबाई गेल्या तेव्हाही हा माणूस उभा होता.

तिने अंडी भरली ती बारा तारीख घातली. खऱ्या महिन्याची, खऱ्या सालची. मोठं बटण दाबलं. चांदण्या गेल्या, आठ आकडा आला आणि मोटर सुरू झाली. कर्र करून ट्रे कलले. दोघंही त्या आवाजाने दचकले.

रविवारी दीर आला. त्याला सगळं सांगितल्यावर तो आधी दुरुस्तीवाल्यावर घसरला. मग म्हणाला, "बायकांना काय सांगायचं ते मी सांगतो. उन्हाने गेली. ह्या वर्षी ऊन केवढं आहे, कोण नाही म्हणेल?"

नाना रंध्याचं पातं दगडावर घासत होते. घासतच राहिले.

"किंवा कॉम्प्युटर बिघडला म्हणा. तेही खोटं नाही."

"भावजी," सून म्हणाली, "त्या दिवशी मी बोलत होते. तुम्ही हसलात."

"मग ठणकावून सांगायचं होतं!"

"हो," ती म्हणाली. "सांगायचं होतं."

दीराला भांडण हवं होतं, ते मिळालं नाही. तो अंगणात जाऊन मोटारसायकल उगाच पुसत बसला.

एकविसाव्या दिवशी एकशे सोळा पिल्लं निघाली. वरच्या ट्रेमध्ये ऊब जास्त राहिली होती, तिथली बरीच. मधल्या दोन ट्रेमध्ये तुरळक. वरच्या ट्रेमध्ये नानांच्या घरच्या पंचवीस अंड्यांतली एकोणीस फुटली. खालच्या ट्रेमध्ये चाळीस अंडी, चाळीस सुया, जशीच्या तशी. सुनेने तासभर जास्त वाट पाहिली. एकेक अंडं कानाला लावलं.

दुपारी बायका आल्या. उंबऱ्याबाहेर टोपल्या ठेवून उभ्या राहिल्या, आतला चिवचिवाट ऐकून हसू लागल्या. दुधवाली पुढे होती. तिचा आवाज सगळ्यांत मोठा. "माझी कुठली? ती पिवळी माझीच, तोंडावरून कळतंय!"

नाना बाहेर आले. दीर घाईने त्यांच्या आधी बोलला, "ह्या वर्षी ऊन फार—"

"तू थांब," नाना म्हणाले. मग बायकांना म्हणाले, "तुमची दोनशेच्या वर अंडी माझ्या हातून मेली. तीन दिवस फिरली नाहीत."

हसू जिथल्या तिथे थांबलं. एकीने तोंडावर हात ठेवला.

"कॉम्प्युटर बिघडला होता म्हणा की," दुधवाली चाचरत म्हणाली. तिला म्हाताऱ्याला असं उभं बघवेना. "जुना जळला हे ऐकलं आम्ही. यंत्राचं काय, भरवसा आहे का?"

"कॉम्प्युटर बरोबर होता," नाना म्हणाले. "त्याने विचारलं होतं. मला वाचता आलं नाही, आणि मी कुणाला विचारलं नाही."

कुणी ओरडलं नाही. ओरडल्या असत्या तर बरं, असं सुनेला वाटलं. एकेक बाई आत येऊन आपल्या खुणेची टरफलं मोजून तेवढी पिल्लं टोपलीत घेऊ लागली. कुणाला नऊ, कुणाला चौदा. दुधवालीला सव्वीस निघाली. ती मान खाली घालून त्यांच्यावर फडकं टाकून निघून गेली. वाटेत कुणी विचारेल म्हणून पावलं भरभर टाकत.

शिवणवाली खालच्या ट्रेपाशी उभी होती. तिने एक अंडं उचललं, आपलीच सुई निरखून पाहिली आणि परत ठेवलं. "सगळी?" तिने विचारलं.

"सगळी मावशी."

तिच्या हातात फडक्याची गाठोडी होती. ती तिने मागे लपवली, पण सुनेने पाहिली. "त्यात काय आहे?"

"काही नाही गं. सात अंडी आहेत. पुढच्या खेपेला घाल म्हणून आणली होती." मग नानांकडे न बघता म्हणाली, "घरी एक कोंबडी खुडूक झालीय. तीन दिवस जागची उठत नाही. तिच्याखालीच घालते ही."

"तेच बरं," नाना भिंतीकडे बघून म्हणाले.

सुनेच्या डोक्यात एकदम काहीतरी जुळलं. ती कपाटाकडे वळली, वरच्या ट्रेमधली घरची एकोणीस पिल्लं दोन्ही हातांनी उचलून टोपलीत घालू लागली.

"वहिनी, ती आपली आहेत," दीर म्हणाला.

"आपलीच आहेत. आपल्याकडे वीज जाते आणि पंखाखाली घ्यायला खुडूक कोंबडी एक नाही. पाच तरी मरतील." तिने टोपली शिवणवालीपुढे धरली. "मावशी, खुडूक कोंबडीखाली रात्री हळूच सरकवली तर ती आपलीच समजते. मोठी झाली की निम्मी तुमची, निम्मी आमची."

"भीक घालतेस?"

"सांभाळायला देतेय. निम्म्या वाट्याने शेळी देतात तशी. नाही म्हणालात तर दुधवालीला विचारते, पण तिच्याकडे खुडूक नाही."

शिवणवालीने टोपलीत पाहिलं. एक पिल्लू दुसऱ्याच्या पाठीवर चढून तिच्या बोटाला चोच मारू लागलं. बोट सुयांनी टोचून खरखरीत झालेलं, पिल्लाला ते दाण्यासारखं वाटलं असेल. तिने बोट काढलं नाही.

"लंगडी निघाली तर?"

"लंगडी आमच्या वाट्याची."

"कोंबडे जास्त निघाले तर?"

"भांडू तेव्हा," सून म्हणाली.

शिवणवालीने टोपली कडेवर घेतली. नाना पुढे झाले, त्यांनी स्वतःच्या खांद्यावरचं फडकं काढून टोपलीवर नीट पसरलं आणि कोपरे दुमडले. "सावलीने जा," ते म्हणाले. मग धीर करून तिच्या हातातल्या गाठोडीकडे बोट केलं. "आता कोंबडीखाली पिल्लं गेली. ही सात इथे ठेवलीत तर... मी सुनेकडून वाचून घेईन. प्रत्येक ओळ."

शिवणवालीने गाठोडीकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, मग पहिल्यांदाच म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"ही आज तव्यावर घालते नाना," ती म्हणाली. "दोन महिने झाले, घरात कुणी अंडं खाल्लं नाही."

आणि ती भिंतीच्या सावलीत सावकाश, टोपली जराही न हलवता चालू लागली. नाना दारात तसेच उभे होते, पुढे केलेला हात मागे घ्यायचं विसरून.